१९८४ च्या फेब्रुवारीतल्या त्या नऊ दिवसांची फाइल उघडा: परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. परराष्ट्र सचिव, परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली
मा. गृह सचिव, गृह मंत्रालय, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

रीतसर विषय, संदर्भ, महोदय असं लिहिलं की पत्र आवक रजिस्टरला नोंदलं जातं आणि कुठल्यातरी फायलीला लागून झोपतं, आणि मला तर फाइल झोपवायची नाहीये, उठवायचीये, म्हणून हे असं चारचौघात आणि बोलतो तसं लिहितोय, सांभाळून घ्या.

विषय रवींद्र म्हात्रे. नाव ऐकून तुमच्या ऑफिसातल्या नवीन पोराटोरांना काही आठवलं नाही तर त्यांना बोलू नका, कारण इथे पुण्यात ज्यांच्या तोंडी हे नाव दिवसातून दहादा येतं त्यांनाही आठवत नाही. एरंडवण्याकडून नवी पेठेत जाणारा मुठेवरचा पूल म्हणजे म्हात्रे पूल. 'म्हात्रे पुलाला जाम आहे', 'म्हात्रे पुलाच्या अलीकडे डीपी रोडला लॉन्सवर लग्न आहे, गाडी लांब लाव' हे आम्ही लग्नसराईत रोज म्हणतो. म्हात्रे कोण असं कुणाला विचारा, निम्मे सांगतील कोणीतरी जुने नगरसेवक असतील, उरलेले म्हणतील बिल्डर. अहो तो माणूस भारत सरकारचा नोकर होता, परदेशात ड्युटीवर असताना पळवून नेऊन मारला गेला, आणि त्याच्या मरणानंतर आठवड्याच्या आत तुम्ही दिल्लीत दुसऱ्या एका माणसाला फाशी दिलीत, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय होता हे चाळीस वर्षं उलटली तरी सरकारच्या तोंडून आम्हाला नीट ऐकायला मिळालेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

काय घडलं ते आधी लिहितो, तुमच्यासाठी नाही, हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. ३ फेब्रुवारी १९८४, शुक्रवार. म्हात्रे बर्मिंगहॅमच्या भारतीय कचेरीत अधिकारी, वय ४८. ऑफिस सुटल्यावर बसने बार्टली ग्रीन भागातल्या घराकडे निघाले. मुलीचा वाढदिवस होता, हातात केक होता. राजनैतिक अधिकारी म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर लाल दिवा आणि पुढेमागे बॉडीगार्ड येतात, पण हा माणूस चारचौघांसारखा बसमधून उतरून केक घेऊन घरी चालला होता. घर जवळ आलेलं असताना त्यांना गाडीत कोंबून नेलं. मग लंडनला रॉयटर्सच्या ऑफिसात पत्र आलं, खाली नाव 'काश्मीर लिबरेशन आर्मी', तोपर्यंत कोणी ऐकलेलं नव्हतं असं. मागणी अशी की तिहारमध्ये फाशीची वाट बघत असलेल्या काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बटला सोडा आणि वर दहा लाख पौंड द्या. मुदत अगदीच थोडी. पोलिसांची शोधाशोध नीट सुरू होईपर्यंत, म्हणजे दोनच दिवसांनी, लेस्टरशायरमधल्या शेतात जाणाऱ्या एका वाटेवर म्हात्रेंचा मृतदेह सापडला, गोळ्या घातलेल्या.

आणि ११ फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी, मकबूल बटला तिहारमध्ये फासावर दिलं. तिथेच जेलच्या आवारात पुरलं. घरच्यांना मृतदेह दिला नाही, शेवटच्या भेटीसाठी निघालेल्यांना श्रीनगरहून पुढे येऊ दिलं नाही असं ते कुटुंब तेव्हापासून सांगत आलंय.

३ ते ११. नऊ दिवस.

मला इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायचीये कारण हे पत्र वाचून काही लोक लगेच मला काय काय ठरवतील ते माहितीये. म्हात्रेंना मारणाऱ्यांबद्दल मला कणभर सहानुभूती नाही. निःशस्त्र माणूस, ज्याचा काश्मीरच्या कुठल्याच निर्णयाशी काडीचा संबंध नव्हता, त्याला घराजवळून उचलायचं आणि मागणी पूर्ण होते का हे बघायलाही न थांबता मारून वाटेवर टाकायचं, याला कोणी लढा म्हणत असेल तर त्याने ती भाषा स्वतःपाशी ठेवावी. त्यातल्या दोघांना १९८५ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने जन्मठेप दिली, बरं झालं. आणि सरकार त्या पत्रापुढे वाकलं नाही याबद्दलही माझी तक्रार नाही. वाकायचं की नाही हे ठरवायला वेळच कुठे होता.

प्रश्न त्यानंतरचा आहे.

मकबूल बटची फाशी काही त्या आठवड्यात ठरलेली नव्हती. १९६६ मध्ये सीआयडीचे एक इन्स्पेक्टर अमरचंद मारले गेले, त्या खटल्यात १९६८ मध्ये श्रीनगरचे सेशन्स जज नीलकंठ गंजू यांनी त्याला फाशी सुनावली. त्याच वर्षाच्या शेवटी हा बाबा श्रीनगरच्या जेलमधून भुयार खणून पळाला आणि पलीकडे गेला. पलीकडे गेल्यावर गंमत बघा, १९७१ च्या गंगा विमान अपहरणानंतर पाकिस्तानने त्यालाच भारताचा हेर समजून आत टाकलं. म्हणजे दोन्ही देशांनी ज्याच्यावर दुसऱ्याचा माणूस असल्याचा संशय घेतला असे लोक तसे कमीच. १९७६ ला परत इकडे आला, पकडला गेला, सुप्रीम कोर्टातही सुटका झाली नाही, आणि मग दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे पडून राहिला. माणूस तिहारमध्ये, अर्ज दिल्लीत, दोघांमध्ये काही किलोमीटरचं अंतर, आणि काहीच हलत नव्हतं. वर्षानुवर्षं न हललेला कागद म्हात्रेंच्या खुनानंतर मात्र दिवसांत हलला. अर्ज फेटाळला, वॉरंट निघालं, शेवटच्या दोन दिवसांत वकिलांनी सुप्रीम कोर्टाचं दार वाजवलं तेही उघडलं नाही, आणि शनिवारी सगळं आटोपलं. सरकारी कामाचा वेग ज्यांनी कधी अनुभवलाय, साधा सातबारा दुरुस्त करून घेतलाय, त्यांनी सांगावं हे आपोआप झालं असेल का.

तर मला विचारायचंय ते हे. अर्ज त्याच्या स्वतःच्या गुणदोषांवर फेटाळला का म्हात्रेंच्या खुनाचं उत्तर म्हणून? गृह मंत्रालयाने राष्ट्रपतींना काय शिफारस केली, कुठल्या तारखेला केली, ती ३ फेब्रुवारीच्या आधीची होती का नंतरची? एवढी एकच तारीख कळली तरी अर्धा वाद मिटेल हो. ३ च्या आधीची असेल तर तुम्ही चाळीस वर्षं उगाच बदनामी सोसलीत. नंतरची असेल तर मग आम्हाला कळलं पाहिजे की एका माणसाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याच लोकांच्या गुन्ह्यामुळे अंमलात आली, कारण तो तर तेव्हा तुमच्याच जेलमध्ये कोठडीत होता, बर्मिंगहॅममध्ये काय चाललंय त्यावर त्याचा काय ताबा असणार होता ते सिद्ध झाल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

काही जण म्हणतील की शिक्षा तर कोर्टाने दिलेली होती ना, मग कधी दिली याने काय फरक पडतो. पडतो. सुप्रीम कोर्टानेच २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान निकालात सांगितलं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळणं आणि फाशी यांच्यात किमान १४ दिवस गेले पाहिजेत, घरच्यांना वेळेत कळवलं पाहिजे, शेवटची भेट झाली पाहिजे. हा निकाल यायच्या एक वर्ष आधी, ९ फेब्रुवारी २०१३ ला, अफजल गुरूला त्याच तिहारमध्ये फाशी देऊन तिथेच पुरलं होतं आणि घरच्यांना कळवायचं पत्र फाशी झाल्यावर पोचलं होतं. म्हणजे १९८४ ला जे केलं तेच २०१३ ला केलं आणि मग कोर्टाला नियम लिहून द्यावा लागला. १९८४ च्या फायलीत काय होतं हे मधल्या काळात कोणी बघितलं असतं तर कदाचित तेवढी वेळ आली नसती.

आणि त्या नऊ दिवसांचा हिशोब तिथेच थांबला नाही. ४ नोव्हेंबर १९८९ ला श्रीनगरच्या हरिसिंग हाय स्ट्रीटवर भर दिवसा निवृत्त न्यायमूर्ती गंजूंना गोळ्या घातल्या, कारण काय तर एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी कायद्याप्रमाणे एक निकाल दिला होता. नंतर काश्मिरी पंडितांचं जे झालं ते सगळ्यांना माहितीये, त्याच्या सुरुवातीच्या खुनांमध्ये हा एक. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीरच्या तपास यंत्रणेने या खुनामागचा मोठा कट शोधायचा म्हणून लोकांना माहिती द्यायचं आवाहन केलं. चांगलंय, उशिरा का होईना. पण मग साधं लॉजिक आहे, गंजूंच्या खुनाचा तपास ३४ वर्षांनी नव्याने करता येतो तर ज्या घटनेचा तो पुढचा भाग आहे तिचे कागद बाहेर काढायला काय हरकत आहे. लोकांकडून माहिती मागताय, लोक तुमच्याकडे मागतायत. फिट्टंफाट.

आता जरा कडू बोलतो. ८ डिसेंबर १९८९ ला, गंजूंच्या खुनानंतर साधारण महिन्याभराने, श्रीनगरमध्ये रुबैया सईद यांचं अपहरण झालं. वडील मुफ्ती मोहम्मद सईद त्या आठवड्यातच केंद्रीय गृहमंत्री झालेले. पाच दिवसांत पाच अतिरेकी सोडले आणि त्या सुखरूप घरी आल्या. त्या सुखरूप आल्या हे चांगलंच झालं, त्यांचा काय दोष, पुढे २०२२ मध्ये त्यांनी कोर्टात उभं राहून आरोपी ओळखला, त्याला हिंमत लागते. पण १९८४ मध्ये 'भारत सरकार अपहरण करणाऱ्यांशी सौदा करत नाही' हे जे तत्त्व होतं ते १९८९ मध्ये कुठे गेलं? आणि १९९९ ला विमान अपहरणानंतर कंदाहारमध्ये तर तीन अतिरेक्यांना विमानाने नेऊन पोचवलं. म्हात्रेंच्या वेळी सौदा केला असता तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही, मारेकऱ्यांनी तेवढा वेळच दिला नव्हता. पण मधल्या फळीतला, बसने घरी जाणारा अधिकारी आणि मंत्र्याची मुलगी यांच्यासाठी सरकारची तत्त्वं वेगवेगळी असतात का, असं एखाद्या सरकारी नोकराच्या बायकोने विचारलं तर तिला काय सांगणार तुम्ही? त्या दोन दिवसांत दिल्लीत कोण कोण बसलं होतं, काय पर्याय समोर होते, लंडनच्या उच्चायोगातून काय तारा येत होत्या, ब्रिटिश पोलिसांशी काय बोलणं झालं, हे सगळं कागदावर असणार. भारत सरकार एक वेळ माणूस विसरेल, तार फाइल करायला विसरत नाही.

ब्रिटनचं पण बघा. म्हात्रे त्यांच्या जमिनीवर मारले गेले. जेकेएलएफ, म्हणजे जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंट, ही बटच्या साथीदारांची संघटना स्थापन झाली तीच बर्मिंगहॅममध्ये, १९७७ साली. तिचे नेते अमानुल्ला खान यांना १९८५ ला तिथे अटक झाली, पण म्हात्रे खून खटल्यात नाही, स्फोटकांसंबंधीच्या केसमध्ये, त्यातून ते सुटले आणि १९८६ च्या शेवटी ब्रिटनने त्यांना देशाबाहेर काढलं, म्हणजे पाकिस्तानला पाठवलं, विषय संपला. आपल्याला मागायची सोयही धड नव्हती, भारत आणि ब्रिटन यांच्यात प्रत्यार्पणाचा करार झाला तोच १९९२ ला. २०१६ मध्ये ते रावळपिंडीत वारले. आता त्यांना कोण काय विचारणार.

आणि १९८४ च्या त्याच फेब्रुवारीतली अजून एक गोष्ट, ही मात्र आपल्याला कळली, कारण ती ब्रिटिशांच्या कपाटात होती. तीस वर्षांच्या नियमाप्रमाणे त्यांचे १९८४ चे कागद खुले झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्यात अशी पत्रं सापडली की सुवर्णमंदिरातून अतिरेक्यांना बाहेर काढण्याबाबत भारताने सल्ला मागितला होता आणि तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी एसएएसचा, म्हणजे त्यांच्या कमांडो दलाचा, अधिकारी पाठवायला मान्यता दिली होती. त्यातलं एक पत्र ६ फेब्रुवारी १९८४ चं आहे. म्हणजे म्हात्रेंचा मृतदेह नुकताच सापडलेला आणि डाउनिंग स्ट्रीटमधून हे पत्र निघतंय. नंतर त्यांच्या सरकारने चौकशी केली, अहवाल संसदेत मांडला, त्यात आलं की तो अधिकारी ८ ते १७ फेब्रुवारीला भारतात येऊन गेला. बटला फाशी दिली त्या शनिवारी तो इथेच होता. मी यातून काही जोडत नाही, दोन वेगळ्या गोष्टी असतील, बहुतेक आहेतच. पण त्या दहा-बारा दिवसांत दिल्ली आणि लंडन एकमेकांशी कुठल्या कुठल्या विषयावर आणि कुठल्या सुरात बोलत होते हे जर आम्हाला लंडनच्या कपाटातून कळणार असेल तर दिल्लीतलं कपाट नेमकं कोणासाठी बंद आहे? आपल्याच घरातली गोष्ट शेजारच्याकडून कळावी तसा प्रकार आहे हा.

नियम नाहीत असंही नाहीये. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, त्याचे नियम १९९७ चे, त्यात २५ वर्षं जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवेत असं आहे, फक्त ज्याच्यावर 'गोपनीय'चा शिक्का तो आधी कोणीतरी उतरवायला हवा, आणि तो उतरवणार कोण तर ज्याने मारला तेच खातं. माहिती अधिकारात विचारा म्हणाल तर तिथेही कलम ८(३) म्हणतं की २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावी, आणि लगेच पुढच्या दमात सांगतं की परदेशाशी संबंध आणि मंत्रिमंडळाचे कागद सोडून. म्हणजे म्हात्रेंच्या बाबतीत जे काही विचाराल ते नेमकं त्या सोडूनमध्ये बसतं. अर्ज करणारा पहिलं उत्तर, अपील, दुसरं अपील करत म्हातारा होणार.

पण तुम्ही मनात आणलं तर होतं. नेताजींच्या फायली वर्षानुवर्षं 'परदेशाशी संबंध बिघडतील' म्हणून बंद होत्या, २३ जानेवारी २०१६ ला शंभर फायली एकदम खुल्या केल्या. कुठलं युद्ध झालं? कुठल्या देशाने राजदूत परत बोलावला? काही नाही झालं, उलट लोक दोन दिवस वाचत बसले.

न उघडण्याचा तोटा काय होतोय तेही बघा. सरकार गप्प राहिलं की ती जागा रिकामी राहत नाही. काश्मीरमध्ये दर ११ फेब्रुवारीला वर्षानुवर्षं बंदची हाक दिली जायची, श्रीनगरच्या ईदगाहजवळच्या कबरस्तानात बटसाठी एक कबर रिकामी ठेवलीये, शेजारी अफजल गुरूसाठीही तशीच एक. त्या गोष्टीत म्हात्रे कुठे येतात? एका वाक्यात, कधी कधी तेवढेही नाही. आणि आपल्याकडच्या सोशल मीडियावर उलटी गोष्ट, 'एक मारला तर इंदिराजींनी आठवड्यात हिशोब चुकता केला' असे मेसेज दर फेब्रुवारीला फिरतात, खाली टाळ्यांचे इमोजी. त्यातही म्हात्रे नाहीतच, फक्त हिशोब आहे. दोन्हीकडच्यांना तो माणूस नकोय, दोन्हीकडच्यांना त्याचा उपयोग हवाय. आणि खरं सांगू का, टाळ्या वाजवणाऱ्यांची गोष्ट जर खरी असेल तर त्यात सरकारनेही त्याचा उपयोगच केला असं होतं. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. म्हात्रेंच्या खुन्यांना शिक्षा झाली ती ब्रिटिश पोलिसांनी तपास करून, ब्रिटिश कोर्टात साक्षीपुरावे होऊन. दिल्लीतल्या त्या शनिवारने म्हात्रेंना काय न्याय मिळाला हे मला तरी समजत नाही.

तर मागणी. एक, ३ ते ११ फेब्रुवारी १९८४ या दिवसांतला परराष्ट्र मंत्रालय, लंडनचं उच्चायोग आणि बर्मिंगहॅमची कचेरी यांच्यातला पत्रव्यवहार खुला करा. दोन, बटच्या दयेच्या अर्जाची फाइल, निदान तारखांचं पान, कुठल्या टेबलावरून कधी कुठे गेली ते. शेरे झाकायचे असतील तर झाका, काळ्या पट्ट्या मारा, पण तारखा द्या. तीन, जे देता येणार नाही ते का देता येणार नाही हे कलम नंबर न लिहिता माणसाला समजेल असं लिहा. आणि म्हात्रेंच्या कुटुंबाला आधी विचारा, आधी दाखवा, मग आम्हाला. त्यांनी नको म्हटलं तर त्यांच्या घरापुरतं जे काही असेल ते बंदच राहू द्या, आम्हाला ते नकोच आहे, आम्हाला सरकारने काय केलं ते हवंय.

उत्तर हिंदीत पाठवलंत तरी चालेल, इंग्रजीत तर पळेल, फक्त 'प्रकरण विचाराधीन आहे' एवढं एक वाक्य लिहून पाठवू नका.

आपला,
एक पुणेकर

ता. क. प्रत पुणे महानगरपालिकेला. साहेब, तुम्हाला काही गोपनीय नाहीये. हा पूल ज्यांच्या नावाचा आहे ते रवींद्र म्हात्रे कोण, कुठे नोकरीला होते आणि १९८४ मध्ये त्यांचं काय झालं, एवढ्या चार ओळी मराठीत, पायी जाणाऱ्याला वाचता येतील अशा उंचीवर आणि निवडणुकीच्या फ्लेक्सखाली झाकल्या जाणार नाहीत अशा जागी लावा. याला दिल्लीची परवानगी लागत नाही.